पहिल्या दिवशीचा माल

“तो दुकानवाला साडेदहाले येते वं! साडेदहाले!” सिंधूबाई दारातूनच कडाडल्या. “तोवर आमच्या बाजारात अर्धा भाजीपाला इकून मोकळा होते.”

मोनाली आरशासमोर ओढणी सारखी करत होती. मोबाइल स्टँडवर लावलेला, खिडकीचा उजेड तोंडावर घेतलेला. लांडग्याच्या त्या गेमचा तिसरा भाग आज बाजारात आला होता, आणि तो आजच विकत का घेऊ नये हे ती आपल्या चॅनलवर सांगणार होती. चार हजार लोक तिचं ऐकत. का ऐकत? तर पोरगी खोटं बोलत नाही म्हणून. कंपनी कितीही मोठी असो, गेम फसला तर ती फसला म्हणते. दहापैकी आठच्या वर गुण तिनं अजून कुठल्याच गेमला दिलेले नाहीत.

“कोनता दुकानवाला, आई?”

सिंधूबाईंनी भाजीच्या पिशवीत हात घातला आणि मेथीच्या दोन जुड्यांखालून एक चपटी डबी काढली. वर लांडगा. वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं.

मोनालीनं डबी उलटसुलट करून पाहिली. “पयल्या दिवशी?”

“मंग कवा? तूच तं म्हने, शुक्रवारी येनार हाय. म्या म्हनलं, नवा माल हाय, पाटे बोली लागते तवाच, हर्राशीच्या टायमालेच येत असंन. उशिरा गेलं की राह्यते ते निवडून उरलेलं. म्हनून उजेडायच्या आंधीच त्याच्या पायरीवर जाऊन बसली.”

आता बोला! बंद शटरसमोर ही बाई एवढे तास बसली, आणि चौकीदार हटकायला आला तर त्यालाच मेथी विकून मोकळी झाली.

“अवं पन मी सांगतलं होतं ना व्हिडिओत? दोन महिन्यांत अर्ध्या किमतीत भेटते. पयल्या दिवशी घेते तो येडा असते म्हनून.”

“आयकलं. तुहे सगळे व्हिडिओ पाह्यते मी.” सिंधूबाईंनी पदरानं मान पुसली. “वीस वर्सं भाजी इकून राहिली, भाव उतरते हे मले नको शिकवू. पयला आंबा येते तवा सोन्याच्या भावानं जाते. येडे नाई घेत तो. ज्याच्या घरी कोनी वाट पाहून राह्यलं असते, तो घेते. त्या लांडग्याबद्दल बोलताना तुह्या तोंडाले पानी सुटलं होतं, मले दिसलं.”

मोनालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार हजारांपैकी एकालाही तिच्या तोंडचं ते पाणी दिसलं नव्हतं. तिनं आईकडे पाठ केली आणि मामेभावाकडून घेतलेल्या गेमच्या जुन्या मशीनमध्ये डिस्क सरकवली.

टीव्हीवर लांडगा आलाच नाही. पांढऱ्या अक्षरांत सूचना आली: आधी इंटरनेटवरून बावन्न जीबी उतरवून घ्या. घरात इंटरनेट म्हणजे दोघींचे मोबाइल, दिवसाला दीड-दीड जीबी. हे आजकाल असंच चाललंय. डबी पूर्ण किमतीला विकायची आणि गेम मात्र ज्यानं त्यानं उतरवून घ्यायचा! यावर मोनालीनं स्वतः दोन व्हिडिओ केले होते, चांगले तावातावानं.

सिंधूबाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. “काहून वं, नाई लागून राह्यला का?”

“लागते, लागते.”

आईला दिसू नये म्हणून ती मशीनसमोर पाठ करून बसली. नवी डिस्क काढून ओढणीखाली घेतली आणि दुसऱ्या भागाची, वर्षभर खेळून ओरखडे पडलेली डिस्क आत ढकलली. बर्फात लांडगा धावू लागला.

“अव माय!” सिंधूबाई पुढं सरकल्या. “काय सुंदर केलं वं! मागच्याहून बेस हाय हा.”

“हो.”

“पैसे फिटले ना?”

“फिटले, आई. लय बेस हाय.”

सिंधूबाई खुलल्या. इतक्या खुलल्या की मोनालीला त्यांच्याकडं बघवेना.

“मंग तसं सांग ना तुह्या लोकायले. मी बसते इथं. तोंडातून शब्द नाई काढत.”

घ्या! तिकडं चार हजार माणसं, ज्यांच्याशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती. आणि इकडं ही एकटी बाई, जिला खरं सांगायची तिच्यात हिंमत नव्हती. मोनालीनं मोबाइलचं बटण दाबलं.

“नमस्कार. मी मोनाली, अमरावतीहून,” ती म्हणाली. “तिसरा भाग आज माह्या घरी आला. कसा हाय ते मी आज नाई सांगनार. दहापैकी किती, तेही नाई. काहून की तो माह्या आईनं आनला. दुकानापुढं पाटेच्या पाचले जाऊन बसली होती ती. पयल्या दिवशी घेनाऱ्यायले मी येडं म्हनली होती, तो शब्द वापस. बस्स, आजचं मत इतकंच हाय.”

“चारले,” सिंधूबाई बाजूनं म्हणाल्या. “पाचले नाई वं, चारले गेल्ती मी.”