लसणाचं साल

“म्हणजे चोर दिसलाच नाही, तरी पकडला?” जानकीबाईंनी विचारलं.

“चोर नाही गं आजी, जंतू.” किमयाने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता धारहून मोरोपंत आपल्या मुलासाठी तिला पाहायला येणार होते. चातुर्मास संपला की साखरपुडा. इंदूरच्या अर्पितबद्दल बाबांना सांगायचं, असं ती तीन महिने ठरवत होती. फोन घेऊन गच्चीवर जायची, खाली आली की गप्प. आताही ती आजीला लॅबमधलंच सांगत बसली होती.

“बी-टू व्हिटॅमिन आपलं शरीर बनवत नाही. पण कितीतरी जंतू स्वतःचं स्वतः रांधतात. रांधताना तुकडे सांडतात. आपल्या पेशीत एक प्रोटीन टपून असतं. ते तुकडा पकडतं, पेशीच्या दाराशी नेतं आणि पहाऱ्यावरच्या टी-पेशीला दाखवतं. तेवढ्यावरून तिला कळतं, बाहेरचं कोणी घुसलंय.”

“आपल्या घरी जे शिजतच नाही, त्याचा तुकडा सापडला म्हणून.”

“एकदम सही.”

“बागलीच्या बसमध्ये माझ्याशेजारी वाघ बसला होता, तोही मी असाच ओळखला. मिशीच्या एका केसावरून. टेकरीवरच्या देवीचं दर्शन करून परत चालला होता. तिकीट काढलं होतं हो त्याने.”

किमयाचे बाबा, रत्नाकर, पेपरमागे हसले. त्यांच्या आईच्या गोष्टी घरात कोणी खऱ्या मानत नसे.

जानकीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि तळहात लेकापुढे धरला. हातावर लसणाचं साल होतं.

“रत्ना, चातुर्मासात आपल्याकडे लसूण येत नाही. मग हे कुठून आलं?”

रत्नाकरांनी सालाकडे पाहिलं. मग किमयाकडे. कालच ती अर्पितच्या आईच्या हातची लसणाची चटणी खाऊन आली होती.

“बाबा, ओढणीला लागून आलं असेल,” ती म्हणाली. “मी अर्पितकडे जेवते. लग्न त्याच्याशीच करायचंय.”

रत्नाकरांनी पेपरची घडी केली. फोन लावला.

“मोरोपंत, निघू नका. मुलीचं ठरलंय. आधी तिला विचारायला हवं होतं, चूक माझी.” फोन ठेवून ते उठले. मग म्हणाले, “रविवारी बोलाव त्याला जेवायला. लसूण मिळणार नाही म्हणावं.”

ते आत गेल्यावर किमयाने डोळे पुसले. “आजी, ओढणीवर कुठे होतं गं?”

“तुझ्या ओढणीवर कशाला असेल?” जानकीबाईंनी साल खिडकीतून फुंकून दिलं. “सकाळी शेजारच्या अल्पनाकडून मागून आणलं.”