खडबडून जागं करणारं भाषण

ठरलेलं लग्न मोडल्यापासून अकरा दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लाइफ कोच बाईंसमोर ती ढसाढसा रडली. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि भल्याभल्यांना खडबडून जागं करणारं आपलं ठेवणीतलं भाषण सुरू केलं. पाचव्या मिनिटाला ती खुर्चीतच घोरायला लागली.

बाईंचा चेहरा एवढासा झाला. पण तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. पंखा बारीक करून, तिच्या अंगावर स्वतःची शाल घालून त्या चवड्यांवर चालत बाहेर आल्या.

बाहेर आपल्या नंबरसाठी ताटकळलेल्या एका काकांनी तारवटल्या डोळ्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हातच जोडले.



"बाई, मलाही हेच भाषण द्या. एक शब्दसुद्धा बदलू नका!"