आईच्या फांदीवरचा विषाणू

हत्तीच्या मेलेल्या पिल्लाच्या रक्तात सापडलेल्या हर्पीस विषाणूचा जनुकसंच डॉक्टर केतकी पेंडसेने विषाणूंच्या वंशवृक्षात बसवला. संशय हत्तींच्या छावणीत नव्याने आणलेल्या हत्तिणीवर होता. तिचा विषाणू दूरच्या फांदीवर निघाला. अक्षरन् अक्षर जुळला तो पिल्लाच्या आईच्या लाळेतला.

लक्षावधी वर्षे हत्तींसोबतच उत्क्रांत झालेला हा विषाणू थोरल्यांत निमूट झोपून राहतो आणि एखाद्या पिल्लाला दिवसभरात संपवतो. त्याच आईला आता दुसरे पिल्लू झाले होते.

“म्याडम, याले आत्ताच येगळं बांधतो,” माहूत सोमा मडावीने साखळी उचलली. “बाटलीनं पाजू.”

“त्या विषाणूशी लढायचे बळ तिच्याच दुधातून मिळते, सोमाभाऊ. बाटलीतून नाही.”

“म्हंजे दोन्हीकून अडकलो म्हना!”

केतकीला दुसरे उत्तर हवे होते; ते कोणत्याच फांदीवर नव्हते. “अडकलोच. ठेवा ती साखळी खाली.”

पिल्लाने इवलीशी सोंड उचलून आईच्या तोंडात घातली. हत्तींची ही रोजची विचारपूस. विषाणूही याच वाटेने जातो. सोमाचा हात नकळत पुढे गेला. केतकीने तो धरून ठेवला.