माहितीपटाचा पहिला खेळ

ऋषिराजनं आपल्याच सांगलीवर, कृष्णेच्या पुरावर माहितीपट काढायला घेतला, तेव्हा "गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर उंडारतंय पोरगं" म्हणत त्याचे वडील, निवृत्त सुभेदार मानसिंगराव, त्याच्याशी बोलेनासे झाले. आज मात्र पहिल्या खेळाला ते पुढच्याच रांगेत येऊन बसले होते. त्यांना पटावं म्हणूनच तर त्याचा सगळा आटापिटा होता.

आधी पाहुण्यांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. ज्यांनी पूर नुसता टीव्हीवर पाहिला होता, त्यांनी तर अशी भाषणं ठोकली, की जणू पाणी यांनीच छातीनं अडवलं होतं. शेवटी ऋषिराजच्या खांद्यावर घाईघाईनं शाल पडली, हातात नारळ आला, आणि हॉलची वेळ संपली म्हणून वॉचमननं दिवे बंद केले. पडदा कोराच राहिला. माहितीपटाचा पेन ड्राइव्ह ऋषिराजच्या खिशातून बाहेरसुद्धा आला नाही.

जिन्यात मानसिंगरावांनी ती शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि कित्येक महिन्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला.



"चुकलो रं मी. लय झ्याक पिच्चर काढलास!"