धुळाप्पाची गुंगी

झोपेची सुई देऊन अर्धा तास झाला होता आणि धुळाप्पाचा श्वास मंदावत चालला होता. मिनिटाला जेमतेम सहा. उमरग्याच्या त्या दवाखान्यात एवढ्याशा औषधानं आजवर कुणी असं निपचित पडलं नव्हतं. पाय बांधून झाला, आता माणूसच हातचा जातो की काय, म्हणून डॉक्टरांना घाम फुटला.

"याला आधी काही दिलं होतं का? खरं सांगा."

उशाशी थोरली सखूबाई, पायथ्याशी धाकटी अयोध्या. दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी यायच्या आदल्याच वर्षी धुळाप्पानं धाकटी आणली, तेव्हापासून सखूबाई जळत होती. नवं लुगडं धाकटीला, जत्रेत सोबत धाकटी. थोरलीकडं उरली होती फक्त धुळाप्पाच्या रोजच्या अफूची डबी. निजामाच्या काळात दुकानात मिळायची ती अफू आता चोरून आणावी लागे. डबी तिच्या हातात देताना धुळाप्पा म्हणाला होता, "धाकटीला कळू देऊ नको. भरवसा तुझ्यावरच हाय." त्या एका वाक्यावर तिनं सहा वर्षं काढली होती.

आज बैलगाडी उलटून त्याचा पाय मोडला. दवाखान्याकडं येताना धाकटीची नजर चुकवून तिनं एक गोळी त्याच्या तोंडात घातली. सुईआधी डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. पण धाकटी शेजारीच उभी होती. तिच्यादेखत कसं सांगायचं? सखूबाई म्हणाली होती, "काय न्हाय."

आता त्याचे ओठ काळेनिळे पडायला लागले. सखूबाईनं कमरेची डबी काढून खाटेवर ठेवली.

"अफू दिली म्या. एक गोळी."

"एकच? एका गोळीनं एवढं होत नाही, बाई."

अयोध्या रडायलाच लागली. "अक्का पानी आनाया गेली तवा म्याबी एक दिली." तिनंही डबी काढली. अगदी तसलीच. "अक्काला सांगू नको म्हनले व्हते. भरवसा तुझ्यावरच हाय म्हनले."

सखूबाईनं ती डबी घेऊन आपल्या डबीशेजारी ठेवली.

डॉक्टरांनी घाईनं प्राणवायूची नळी लावली. "याला झोपू देऊ नका. हाका मारा, गालावर चापट्या मारा. जोरात!"

सखूबाईनं पदर खोचला.

"अयोध्या, डावा गाल तुझा," ती म्हणाली. "उजवा माझा."