नवसूची सही

मुरबाडच्या कारखान्यात प्रेसखाली नवसूचा उजवा हात मनगटापासून गेला, त्याला आता दीड वर्ष झालं. भरपाईच्या दाव्यात आज मालकाच्या वकिलाने एक कागद काढला आणि न्यायाधीशांपुढे ठेवला. अपघाताच्या दोन महिने आधीचा राजीनामा, खाली नवसूची सही. म्हणजे अपघाताच्या दिवशी तो तिथला कामगार नव्हताच, मग भरपाई कसली?

मागच्या बाकावर नवसूची बायको तानी मान उंचावून बघू लागली. मालकाचा माणूस दवाखान्यात गोड बोलून गेला होता, तेव्हा तिच्या नवऱ्याने मोठ्या हौसेने ज्या कोऱ्या कागदावर सही केली, तोच हा कागद! 'नाय म्हणा, माझी नाय म्हणा,' ती मनातल्या मनात विनवत राहिली.

"सही तुमचीच ना?" वकिलाने दरडावून विचारलं.

"माझीच."

तानीने डोळे मिटून घेतले.



"पण सायेब, हात होता तवर मी अंगठेबहाद्दर. कारखान्याची पगाराची वही बघा, सगळे अंगठेच हायत. ही डाव्या हाताची सही मला बायकोनं शिकवली, दवाखान्यातल्या खाटेवर."