थोडी अनबन

राजेंद्र नगरच्या पुष्कर आणि मंजिरीने समुपदेशक गुरमीतसिंगांना हिंदीत एवढंच सांगितलं, "बस सर, थोडी अनबन है." मग पुष्कर बायकोकडे वळून मराठीत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, खुलके बोल. सरदारजींना मराठी कुठे कळतंय!"

गुरमीतसिंगांचं अख्खं बालपण परदेशीपुऱ्यात मराठी शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलेलं. ते तसं सांगणारच होते, तेवढ्यात मंजिरी नवऱ्याला म्हणाली, "आई गेल्या तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलतसुद्धा नाहीस."

आता तोंड उघडलं तर ही दोघं पुन्हा मिटतील, म्हणून गुरमीतसिंग गप्प राहिले.

"बोललो असतो तर रडलो असतो," पुष्कर पुटपुटला.

"मग रडायचं ना! मी काय पराई आहे?"

पुष्कर खरंच रडला. मंजिरीने त्याचा हात धरला. गुरमीतसिंगांनी घाईघाईने आपला चष्मा पुसायला घेतला.

निघताना पुष्कर "थँक्यू सर, बहुत हलका लगा" म्हणत जिना उतरला. मंजिरी मात्र दारात थबकली आणि हळूच मराठीत म्हणाली,



"पुढच्या वेळेलाही तुम्हाला मराठी येत नाही, बरं का सर!"